हाकेला 'ओ'

तुमच्या ओळखपत्रावर रक्तगट 'ओ' असेल, तर हे अक्षर आले कुठून? कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये या गटाला 'सी' म्हटले होते. पुढे 'ओ' रूढ झाले; जर्मन 'ओहने', म्हणजे 'विना', यावरून, असे सांगतात. ए नाही, बी नाही, म्हणून ओ. काही देशांत तर ते शून्य म्हणूनच लिहितात.

पण हे शून्य रिकामे नाही. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर 'एच' हा प्रतिजन भरपूर असतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मुंबईत सापडलेल्या, एचसुद्धा नसलेल्या रक्ताची नोंद केली. तोच 'बॉम्बे' रक्तगट. पुढे शहर अधिकृतपणे मुंबई झाले, गट बॉम्बेच राहिला.

नेहमीच्या चाचणीत तो ओ असाच दिसू शकतो. मात्र त्यात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ओ रक्त चढवले तर जिवावर बेतते. मराठीत आपण हाकेला ओ देतो. ओ गटाचा दाताही बहुतेकांच्या हाकेला ओ देतो, पण बॉम्बेवाल्याला ओ देणार तो दुसरा बॉम्बेवालाच. परदेशात असा माणूस फार विरळा. तेव्हा घरात कोणाचा गट बॉम्बे निघाला असेल, तर भावंडांनीही एचची चाचणी करून घ्यावी आणि ओळखपत्रावर नुसते 'ओ' ठेवू नये.