दातांच्या तारेची गोष्ट

गेल्या संकष्टीला माझी नात पुण्याहून ओझरला आली होती. विघ्नहराचे दर्शन झाले, दीपमाळेपाशी फोटो काढायचा ठरला, तर ही ओठ घट्ट मिटून उभी. तेरा वर्षांची पोर. चार महिन्यांपूर्वी दातांना तारा बसवल्या आहेत. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "अगं, आपल्या देवाला एकच दात. त्याचं काही अडलं का? मग तुला कशाला हा जाच? उद्या दात हलून पडले म्हणजे?"

घरी येताना नात हळूच म्हणाली, "आजोबा, मी तारा काढून टाकणार आहे. दात हाडात घट्ट बसलेला असतो ना? मग तो सरकतो म्हणजे खिळखिळाच होत असणार."

प्रश्न बिनतोड होता. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. वैद्यक माझा विषय नव्हे. पण माणूस एखादी गोष्ट कसकशी शिकत गेला हे पाहिले, की ती गोष्ट समजते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या तारांचा इतिहास धुंडाळला.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या सेल्ससने लिहून ठेवले आहे, की दुधाचा दात पडण्याआधीच नवा उगवला, तर दुधाचा काढावा आणि नवा रोज बोटाने दाबत जागेवर आणावा. उपाय साधा, पण त्यात 'रोज' आणि 'बोटाने' हे दोन शब्द महत्त्वाचे. पुढे माणूस ते विसरला.

थोरल्या बाजीरावांनी पालखेडला निजामाची कोंडी केली, ते साल १७२८. त्याच साली पॅरिसमध्ये पिएर फोशार या दंतवैद्याचा मोठा ग्रंथ निघाला. दातांच्या ओळीला लागून धातूची वाकवलेली पट्टी ठेवायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे, ही युक्ती त्यात आहे. पण याच फोशारने काही वेळा दात चिमट्याने एका झटक्यात वळवून शेजारच्या दाताला बांधल्याचेही नमूद आहे! वसईच्या विजयानंतर, १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी आमच्या देवळाचा कळस सोन्याने मढवला असे सांगतात. तो हा काळ.

या विद्येला शास्त्राची शिस्त लावली ती अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. १८९९ मध्ये त्यांनी वरच्या-खालच्या दाढा कशा जुळतात यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. ते आजही वापरात आहेत. १९२८ मध्ये त्यांनी दातावर बसवायचा आयताकृती खाचेचा तुकडा मांडला. गोल तार दाताचा माथा ओढते, मूळ मागे राहते. चौकोनी तार पीळ देऊन खाचेत बसवली, की मूळही वळवता येते.

पण दात हाडातून सरकतो कसा? तो भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दात ढकलला, की या थरावर एका बाजूने दाब येतो, दुसऱ्या बाजूने ताण. दाबाच्या बाजूला शरीरातल्या पेशी हाड झिजवतात, ताणाच्या बाजूला नवे हाड भरतात. स्वीडनच्या कार्ल सांडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवले. जोर फार झाला, तर त्या थरातला रक्तपुरवठा थांबतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात अडून बसतो, हेही त्यांना दिसले. पुढे १९३२ मध्ये श्वार्त्स यांनी आकडाच सांगितला: दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाइतका.

म्हणजे तार फक्त दाब देते. दाताला वाट करून देते ते हाड. महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर. आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. वेलाचा ओलांडा तारेवर घेताना तो सुतळीने बेताने बांधतो. हिसका दिला तर ओलांडा मोडतो.

पुढचा इतिहास हा हात हलका करत जाण्याचा आहे. अँगल यांचे ऑस्ट्रेलियन शिष्य रेमंड बेग यांची बारीक तारेची पद्धत आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत अनेक वर्षे शिकवली गेली. १९६५ मध्ये मुंबईत या वैद्यांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. सोन्याच्या तारेची जागा पोलादाने घेतली आणि १९७०च्या दशकात निकेल-टायटॅनियमची तार आली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू बराच वाकवला तरी मूळ आकाराकडे परततो, आणि परतताना त्याचा जोर जवळजवळ सारखाच राहतो.

हे सगळे मी नातीला सांगितले. वहिनींचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हेही सांगितले. उपचार चालू असताना दात थोडा हलतो, कारण तंतूंचा थर रुंदावलेला असतो. नवे हाड पक्के व्हायला महिने लागतात. म्हणून तर तारा निघाल्यावरही रिटेनर वापरावा लागतो. नाहीतर दात पुन्हा जुन्या जागेकडे वळतात. तारा मध्येच काढल्या, तर झालेले कामही वाया जाण्याची भीती.

ती काही बोलली नाही. परवा तिचा शाळेतला फोटो आला आहे. ओठ अजून मिटलेलेच आहेत. पण आत तारा आहेत, असे तिची आई सांगते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)