आणेवारीपासून पंचनाम्यापर्यंत : मोलगीच्या शेताची नोंद

पीक बुडाले म्हणजे शासनाने शेतकऱ्याला हात द्यावा, ही अपेक्षा आज आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु तिच्यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यात दोन प्रश्न वारंवार आपल्यासमोर उभे राहतात : नुकसान मोजायचे कोणी, आणि शेत कोणाच्या नावावर?

1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने 1880 मध्ये आयोगाचा अहवाल घेतला आणि त्यातून दुष्काळ संहिता निघाल्या. 1884 च्या कायद्याने बी-बियाणे व बैलांसाठी तगाई मिळू लागली. पण तगाई म्हणजे कर्ज. दुसरी सवलत शेतसाऱ्याच्या तहकुबीची. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून आणेवारी काढली जाई आणि पीक चार आण्यांहून कमी ठरल्यास त्या वर्षीचा सारा तहकूब होई. 1918 चा खेडा सत्याग्रह या चार आण्यांवरच उभा राहिला. अधिकारी म्हणत पीक अधिक आहे. शेतकरी म्हणत कमी आहे.

खानदेशही त्याच मुंबई इलाख्यात होता. मात्र सातपुड्यातील मोलगीच्या परिसराची गोष्ट निराळी. काठीसारख्या मेवासी संस्थानांच्या या डोंगराळ मुलखात भिल्ल व पावरा कुटुंबे उतारावर ज्वारी, मका आणि भगर पेरीत आली. 1878 च्या वन कायद्यानंतर देशभर अशा कित्येक जमिनी सरकारी जंगल ठरल्या. ज्या शेताला साराच नाही, त्याला साऱ्याची तहकुबी तरी कुठली?

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले. 1963 मध्ये महाराष्ट्राने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला आणि तेथे ‘टंचाई’ आली; आण्यांचे पैसे झाले. शब्द गेला तरी संकट गेले नाही, हे 1972 ने दाखविले. त्यातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला व 1979 मध्ये अमलात आला. या योजनेचे मोल आम्हांस विशेष वाटते, कारण तिने कामाला येणाऱ्याकडे सात-बारा मागितला नाही.

पुढे रोख मदत आली. 2015 मध्ये नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली गेली. 2022 च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी 8,500 रुपये आणि दोन हेक्टरांची मर्यादा होती. महसूल, कृषी व ग्रामपंचायतीचे गावपातळीवरील कर्मचारी बांधावर येऊन पंचनामा करतात. पण पंचनाम्याचा कागद पुन्हा जमिनीच्या कागदालाच जोडावा लागतो. वनजमीन कसणाऱ्याची अडचण नेमकी येथेच आहे.

म्हणून 2006 चा वनहक्क कायदा आम्हांस या इतिहासातील मोठे वळण वाटतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो, आणि पट्ट्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे येतात. शेताला नाव मिळाल्यावरच त्याच्या नुकसानीलाही नाव मिळते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात सात-बाराचा उतारा जपून ठेवलेला असतो. त्या एका कागदाची खरी किंमत मोलगीच्या डोंगरउतारावर कळते. पाऊस सर्वांचे पीक सारखेच नेतो. भरपाई मात्र नोंद पाहून येते.