देवळालीचा ताप आणि हरवलेला गंध

कांहीं गांवांचीं नांवें लढायांमुळें इतिहासांत राहतात, कांहींचीं तहांमुळें. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाचें नांव इंग्रजी भाषेंत राहिलें तें एका तापामुळें. इंग्रजी अमदानींत मुंबई बंदरांत उतरणाऱ्या आणि तेथून स्वदेशीं परतणाऱ्या गोऱ्या पलटणींचा येथें तळ असे. मुदत संपलेल्या सोल्जरांना जहाजाची वाट पाहत येथें राहावें लागे. पलटणींचीं जहाजें थंडीच्या महिन्यांतच सुटत. त्यामुळें ज्याचें जहाज हुकलें त्याचा उन्हाळा आणि पावसाळा येथेंच जाई. हाताला काम नाहीं, डोक्यावर ऊन आणि घर सात समुद्रांपलीकडे! अशा सक्तीच्या रिकामपणांत कित्येकांच्या चित्ताची घडी विसकटे. त्या अवस्थेला त्यांच्याच सोबत्यांनीं 'डूलाली टॅप' असें नांव दिलें. यांतील 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला साधा 'ताप'. पुढें 'टॅप' गळाला आणि नुसतें 'डूलाली' हें वेडसर माणसाचें विशेषण होऊन इंग्रजी कोशांत जाऊन बसलें.

शब्द विनोदी आहे. त्याच्या खालचें दुःख विनोदी नव्हतें. हा ताप तापमापकाच्या नळींत चढत नसे, म्हणूनच त्याची थट्टा झाली. जें दुखणें रोग्याच्या तोंडच्या शब्दांवांचून कळत नाहीं, त्यावर विश्वास ठेवण्यास जग नेहमींच उशीर लावतें. सर्दीपडशाच्या किंवा इन्फ्लुएंझासारख्या रोगांत गंध व चव नाहींशी होणें, हें असेंच एक दुखणें आहे, आणि त्याचा इतिहासही असाच उपेक्षेचा आहे.

वस्तुतः आपल्या वैद्यकाला तें अपरिचित नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नासारोगांचें जें प्रकरण आहे, त्यांत 'अपीनस' नांवाचा रोग सांगितला आहे. नाक चोंदतें, आंतून धुमसल्यासारखें वाटतें, तें कधीं ओलें होतें तर कधीं कोरडें पडतें, आणि रोग्यास गंध व रस हीं दोन्ही कळेनाशीं होतात, असें त्याचें लक्षण दिलें आहे. गंधाबरोबर रसही जातो, हें ग्रंथकारानें नेमकें हेरलें आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी स्वतःच्या बळावर ओळखतां येतात. फोडणींतल्या हिंगाचा, भाजलेल्या दाण्यांचा किंवा कोथिंबिरीचा जो स्वाद, तो घांस चावतांना घशामागून नाकांत चढणाऱ्या वासाचा असतो. नाक चिमटींत धरून वेलदोडा चावून पाहावा, म्हणजे जिभेचें दारिद्र्य तत्काळ प्रत्ययास येतें.

परंतु जें ग्रंथांत आलें तें सरकारी दप्तरांत आलें नाहीं. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापानें पडूं लागले आणि इन्फ्लुएंझाची साथ शहरांत पसरली. सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिची दुसरी, अधिक घातक लाट उसळली. पलटणींच्या हालचाली आणि आगगाडी यांबरोबर रोग देशभर गेला. त्या महायुद्धाच्या काळांत देवळालीस मोठें लष्करी इस्पितळ होतें, आणि मुंबईहून कल्याण, थळघाट, इगतपुरी असा येणारा लोहमार्गही तेथूनच जात होता. हिंदुस्थानांत या साथीनें एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत माणसें गेलीं, असे आजचे अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली. आणि या मृत्यूंची नोंद कशी झाली? खेड्यापाड्यांतून त्यांतील फार मोठा भाग 'ताप' या सरसकट रकान्यांतच लिहिला गेला. मरणाचें कारणच जेथें नीट नोंदलें गेलें नाहीं, तेथें जगलेल्याच्या नाकाची विचारपूस कोण करणार?

१०२ वर्षांनीं कोविडची साथ आली, तेव्हांही प्रथम भरंवसा तापावरच होता. दारोदारीं कपाळाकडे यंत्र रोखून उष्णता मोजली जाई, आणि ताप नसलेला रोगी निर्वेधपणें आंत जाई. इकडे रोगी सांगत होते कीं, नाक मोकळें आहे, पण वास येत नाहीं. अखेर १३ जून १९२० नव्हे, तर २०२० या दिवशीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें गंध व चव जाणें हें या रोगाचें लक्षण म्हणून आपल्या यादींत घातलें. कारणही पुढें उलगडलें. नाकाच्या छताशीं गंध ओळखणाऱ्या ज्ञानतंतूंच्या पेशी असतात, आणि त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. विषाणूला शिरकाव देणारें दार या आधारपेशींवर आहे. त्या ढांसळल्या कीं गंधपेशींचें काम थांबतें. आधारपेशी पुन्हां तयार होतात, म्हणून बहुतेकांचा गंध कांहीं आठवड्यांत परततो. कांहींचा मात्र महिनोन् महिने परतत नाहीं, किंवा परततांना विकृत होतो आणि कांद्याची फोडणीही कुजकट वाटूं लागते.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. रोग्याचा शब्दही नेहमीं पुरेसा नसतो. पुण्याच्या 'आयसर' संस्थेंतील व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं २०२० मध्यें गंधशक्ति मोजणारें यंत्र वापरून लक्षणें नसलेल्या बाधितांची परीक्षा केली. तेव्हां आपल्या नाकाविषयीं कांहींच तक्रार न करणाऱ्या अनेकांची गंधशक्ति उणावलेली आढळली. दृष्टि मंदावली तर माणूस अडखळतो. गंध मंदावला तर त्याचें त्यालाच कळत नाहीं. म्हणून या बाबतींत रोग्याचें ऐकावें तर लागतेंच, शिवाय त्याला आपण होऊन विचारावेंही लागतें.

हा प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो ज्याला येत नाहीं त्याच्या घरीं गळती झाली तर इशारा कोण देणार? नासलेलें दूध आणि करपणारी भाजी हीं त्याला कळत नाहींत. अन्नावरची वासना उडते, शरीर वाळतें, मन उदास होतें. आणि घरांत "आमटीला चव नाहीं" हे शब्द आजाराची खूण म्हणून न ऐकले जातां स्वयंपाक करणारीवरचा ठपका म्हणून ऐकले जातात.

उपायांत एक साधा उपाय जर्मनींतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनीं २००९ मध्यें मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास रोज सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, बारा आठवडे घेणें. सर्वांनाच त्यानें गुण येतो असें नाहीं. पण कित्येकांना येतो, आणि त्याला खर्चही फारसा नाहीं. लवंग आणि लिंबू तर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरांत आहेत. उणीव आहे ती विचारपुशीची. घरांत कोणी तापांतून उठला म्हणजे ताप उतरला का, एवढेंच विचारून आपण थांबतों. चहाचा वास येतो का, हेंही त्याला विचारावें, आणि तो "नाहीं" म्हणाला तर हंसूं नये.