कासवांचे श्वसनरोग

पाळीव कासवांच्या नाकाला, घशाला व फुप्फुसांना होणारा संसर्ग. बोलीत ‘कासवाला सर्दी झाली’ म्हणून सोडून देतात, पण तो बहुधा न्यूमोनियापर्यंत पोचतो. बीड जिल्ह्यात घरोघरच्या काचेच्या टाकीत असते ते सहसा मूळचे अमेरिकेतले, लाल कानांचे कासव. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र १०–१२° से.पर्यंत उतरते. कासवाचे रक्त थंड, त्यामुळे टाकीत हीटर नसला की पचन मंदावते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि एरवी निरुपद्रवी असणाऱ्या स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारख्या जंतूंना फावते.

शरीररचना : कासवाला सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल नसते. फुप्फुसे पाठकवचाखाली असून पायांच्या व पोटाच्या स्नायूंच्या हालचालीने श्वास चालतो. त्याला नीट खोकता येत नाही. कफ आतच साठतो. पूही पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो, म्हणून औषध तिथवर पोचायला वेळ लागतो.

लक्षणे : नाकपुडीवर बुडबुडे, मान ताणून उघड्या तोंडाने श्वास, अन्नावर वासना नसणे. पोहताना कासव एका अंगाला कलत असेल तर त्या बाजूचे फुप्फुस भरले असण्याचा संभव असतो. मात्र पोटातल्या वायूनेही ते कलते. डोळे सुजले असल्यास अ-जीवनसत्त्वाची कमतरता असण्याचा संभव धरावा. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या पिलांत ती नेहमीची.

उपचार : आधी ऊब, पाणी २८° से.च्या आसपास. क्ष-किरण चित्र समोरून घेतल्यास दोन्ही फुप्फुसांची तुलना होते. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफ्टाझिडीम टोचतात; दुसऱ्याची मात्रा सामान्यतः ७२ तासांनी एकदा. सुई पुढच्या पायात देण्याची प्रथा आहे, कारण मागच्या पायांतले रक्त मूत्रपिंडांमार्गे जाऊ शकते. याने कितपत फरक पडतो याविषयी मतभेद आहेत. अ-जीवनसत्त्वाची सुई अंदाजाने देऊ नये, जादा मात्रेने कातडी सोलून निघते. माणसांची सर्दीची औषधे वर्ज्य. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

विषाणुजन्य प्रकार : नागीणवर्गीय विषाणू, नेमका उपचार नाही.

प्रतिबंध : हीटर, ऊन घेण्यास कोरडी जागा, स्वच्छ पाणी. काचेआडचे ऊन पुरत नाही, अतिनील-बी किरण काचेत अडतात. कूलरचा झोत टाकीवर नको. नवे कासव काही आठवडे वेगळे ठेवावे.

कायदा : चांदणी कासव व मऊ पाठीचे देशी कासव पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘पैशांच्या पावसा’साठी वीसनखी कासव बाळगणेही त्यातच येते. असे कासव आजारी सापडल्यास वन विभागाला (१९२६) कळवावे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीव उपचार व पुनर्वसन केंद्र आहे.