वेदना आणि हाड

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली! १९५० साली नोबेलही मिळाले. मात्र मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध हाडे ठिसूळ करते. वेदना गेली म्हणजे हाड वाचले, असे आपण उगाच धरून चालतो.

आमवातात सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात टीएनएफ हे प्रथिन वाढते आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवते. १९९२ मध्ये लंडनला रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी त्यालाच अडवणारे प्रतिपिंड रुग्णांना दिले. २००० साली क्ष-किरण चित्रांत दिसले, की मेथोट्रेक्सेटच्या जोडीने दिल्यास सांध्यांची झीज सरासरीने थांबते. गंमत म्हणजे, दुखणे फारसे न हटलेल्या रुग्णांतही!