'गो बॅक' : एका इंग्रजी क्रियारूपाचा ऐतिहासिक अर्थ

प्रस्तावना :
इंग्रजीत क्रियापदास 'बॅक', 'अप' यांसारखे शब्द जोडून जे क्रियारूप सिद्ध होते, त्यास 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. 'गो बॅक' म्हणजे परत जाणे, हा त्याचा कोशगत अर्थ. तथापि १९२८ साली मुंबईत या क्रियारूपास जो राजकीय अर्थ प्राप्त झाला, तो केवळ कोशावरून उलगडत नाही.

घोषणा व तिचा अर्थ :
१९१९ च्या सुधारणा कायद्याच्या आढाव्यासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. त्याचे सातही सदस्य ब्रिटिश संसदेचे होते; त्यांत एकही भारतीय नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी आयोग मुंबईस उतरला, तेव्हा शहरात हरताळ पाळण्यात आला. 'सायमन गो बॅक' या घोषणेचे श्रेय मुंबईचे युवक नेते युसूफ मेहेरअली यांना दिले जाते.

मराठीतील 'परत' या शब्दाचे 'मागे' व 'पुन्हा' असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे 'परत जा' हे संदर्भावाचून संदिग्ध ठरते. 'गो बॅक' मात्र आल्या वाटेने माघारी जाण्यासच सांगते. शिवाय ते दोनच अक्षरी उच्चारांचे असून ज्यांना उद्देशून होते त्यांच्याच भाषेतील होते.

या क्रियारूपास 'ऑन' जोडल्यास अर्थ पालटतो. 'गो बॅक ऑन' म्हणजे दिलेला शब्द फिरविणे. प्रशासनात भारतीयांना वाढता सहभाग देण्याचे आश्वासन माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी दिले होते. ते ध्यानी घेता, भारतीयांना वगळणाऱ्या आयोगास 'गो बॅक' म्हणणाऱ्यांची तक्रार 'गो बॅक ऑन' या अर्थाचीच होती, असे म्हणता येईल.

मात्र ही घोषणा सर्वांचीच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुणे येथे आयोगासमोर साक्ष दिली. अस्पृश्य समाजाच्या राजकीय हक्कांची मागणी मांडण्याची ती संधी होती. आयोग माघारी जाणे म्हणजे ती संधी गमावणे होते.

निष्कर्ष :
क्रियारूपाचा अर्थ ते कोण, कोणास व कोणत्या प्रसंगी उच्चारतो, यावर ठरतो. भिवंडी तालुक्यातील वडपे येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास 'गो बॅक' शिकविताना १९२८ ची मुंबई व पुणे ही दोन्ही स्थळे समोर ठेवल्यास, व्याकरण व इतिहास परस्परांस पूरक ठरतील.