भूल आणि अरिवळिके

म्हैसुरात आयुष्य काढलेल्या मराठी माणसाच्या कानी 'अरिवळिके' हा कन्नड शब्द सहसा शस्त्रक्रियेच्या वेळीच पडतो. 'अरिवु' म्हणजे जाणीव, 'अळि' म्हणजे नाहीसे होणे. आपण जिला 'भूल' म्हणतो तीच ही. या दोन शब्दांतील अंतराला मोठा इतिहास आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी गिल्बर्ट अ‍ॅबट या रुग्णास ईथरची वाफ हुंगविली व डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या जबड्याखालील गाठीवर शस्त्रक्रिया केली. तोवर मद्य पाजावे (आपल्या सुश्रुताचेही तेच सांगणे) व रुग्णास दाबून धरावे, हीच रीत. जॉर्जियातील क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ सालीच ईथर वापरले होते. परंतु त्यांनी ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये.

मॉर्टन मोठे व्यवहारी. ईथर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी त्यात रंग मिसळला, पेटंट घेतले आणि ग्रीक पुराणातील विस्मृतीच्या लेथी नदीवरून त्यास 'लेथिऑन' हे नाव दिले. वासाने बिंग फुटलेच! त्याच नोव्हेंबरात डॉक्टर-कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 'अ‍ॅनेस्थेशिया', अर्थात संवेदनेचा अभाव, हा शब्द सुचविला व जगाने तो उचलला.

मार्च १८४७ मध्ये ईथर कलकत्त्यास वापरले गेले. मात्र ते सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते. आपल्या उन्हाळ्यात ते टिकावे कसे? मागाहून आलेल्या क्लोरोफॉर्मने येथे बाजी मारली.

आपल्या पंडितांनी संज्ञाहरण, बधिरीकरण असे होम्सच्या वळणाचे शब्द घडविले. 'अरिवळिके'ही त्याच कुळातला. लोकांनी मात्र 'भूल' पसंत केली. मॉर्टनचे नाव त्यांच्या गावीही नसेल, पण जगाने टाकलेली त्याची विस्मृतीची कल्पना मराठीत अशी नांदते आहे. शिवाय भूल चढते तशी उतरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईवर येथेच शस्त्रक्रिया व्हायची होती. तिचे कन्नड बाजारापुरते. डॉक्टरांच्या 'अरिवळिके'चा मी शब्दशः अर्थ सांगितला, "जाणीव जाईल." तिचा चेहरा उतरला. मी घाईने म्हणालो, "आई, भूल देणार आहेत."

"मग उतरेल ना?"

मी तिचा प्रश्न डॉक्टरांना सांगितला. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "इळियुत्ते, अम्मा." भाजीचा भाव उतरतो तेव्हाचा तो शब्द. तो तिला ठाऊक होता.